लहान इमारत, तक्रार परवा

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती विझवायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

आई तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळ बसली होती. आज तिचं डायलिसिस. घर तिसऱ्या मजल्यावर, आईचे पाय सुजलेले आणि लिफ्ट सकाळपासून बंद. वर संतापाची गोष्ट म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी घरचीच होती! मालक दादा, आणि तक्रारी घ्यायच्या टेबलावर धाकटी. तिने स्वतःच्या हाताने तक्रार नोंदवली, स्क्रीनवर ‘आज’ असं आलं, म्हणून तिने आईला सांगितलं की मिस्त्री येतोच आहे. मिस्त्री काही येईना. शेवटी तिने फोन लावला.

“ताई, माझ्या मोबाइलवर तुमची इमारत परवा दाखवतोय,” मिस्त्री म्हणाला.

घोडं कुठे पेंड खातंय ते तिला तिथेच कळलं. कंपनीत दोनच मिस्त्री होते तेव्हा दादाने एक नियम केला होता: इमारत चार मजल्यांच्या आतली असेल आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं नसेल, तर तक्रार परवा. तेव्हा ते बरोबरही होतं. आता मिस्त्री ढीगभर झाले, पण नियम हलला नाही. कारण तो कुठे लिहिलेला नव्हता, दादाने प्रोग्रॅमच्या पोटात कोंबला होता. तोही एकदा नाही. तक्रारीच्या टेबलावर वेगळा, मिस्त्रींच्या मोबाइलमध्ये वेगळा, सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये वेगळा. धाकटी वर्षभर कानीकपाळी ओरडत होती की नियम बाहेर काढ, एका जागी ठेव, म्हणजे गरज पडली की आम्हालाही बदलता येतील. दादाचं उत्तर ठरलेलं: “ते माझ्यावर सोड.” गेल्या महिन्यात तिने भांडून भांडून नियम बदलायला लावला, तर या शहाण्याने टेबलावरचा बदलला आणि बाकीचे दोन विसरला. पासवर्ड फक्त त्याच्याकडे, आणि फोन बंद ठेवून तो मोठ्या टॉवरवाल्यांबरोबर मीटिंगला बसलेला.

“मी येतो, ताई,” मिस्त्री म्हणाला. “पण दाराचा स्विच जळला असेल तर नवा मिळायचा नाही. स्टोअरचा कॉम्प्युटरही परवाच म्हणतोय.”

मिस्त्री आला, पण स्विचच जळला होता. मग मिस्त्रीने आणि धाकटीने आईला जेवणाच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. प्रत्येक वळणावर खुर्ची कठड्याला घासत होती. आई ओरडली नाही, फक्त डोळे मिटून घेतले. तेच धाकटीला सहन होईना. दवाखान्यात पोचायला उशीर झाला, पुढचा पेशंट थांबलेला, त्यामुळे आईला निम्माच वेळ मशिन मिळालं.

परत आल्या तेव्हा इमारतीच्या दारातच दादा उभा होता, लॅपटॉप काखेत मारून.

“अगं, सांगायचं ना मला! लिफ्ट चालू झाली बघ. आणि आता पुन्हा असं होणारच नाही. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकलीये: ही इमारत असेल तर लगेच.”

“एक ओळ?” धाकटीचा आवाज चढला. “आणखी एक ठिगळ? एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात तुझ्या त्या प्रोग्रॅमच्या! आज आई होती म्हणून ओळ टाकलीस. उद्या दुसऱ्या कुणाची आई असेल, तिने काय करायचं?”

“आरडाओरडा करू नकोस. आधी आईला वर नेऊ.”

आई मात्र जिन्यापाशी राहिलेल्या त्या जेवणाच्या खुर्चीत जाऊन बसली. तिला बोलताना धाप लागत होती.

“माझ्या शेजारच्या मशिनवर एक बाई असते. दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट तुझ्याच कंपनीकडे आहे. तिची इमारत टाकलीस?”

“आई, अशा शेकडो इमारती आहेत. एकेक कशी टाकणार?”

“तेच ही वर्षभर सांगतेय ना तुला?”

दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, “बरं, करतो सावकाश. तू वर चल.”

“तू कर, मग मी चढते.”

धाकटीला हसू येत नव्हतं आणि रडूही. तिने दादाच्या काखेतला लॅपटॉप ओढला आणि जिन्याच्या पायरीवर ठेवला. “बस. तिन्ही ठिकाणचं काढ. एकाच जागी, साध्या भाषेत लिही, आणि बदलायचा अधिकार टेबलाला दे.”

“इथे? पायरीवर? त्याला वेळ लागतो गं!”

लिफ्ट दार उघडून, दिवा लावून उभी होती. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि पाठ टेकली.

“लागू दे,” ती म्हणाली. “माझं पुढचं डायलिसिस परवा आहे.”