वाया गेलेल्या रांगेतली चकती

टिक्. डबीचे झाकण उघडले आणि दुपारच्या निजलेल्या घरातली शांतता मोडली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला.

मित्रांनो, डबीत डोकावलात तर तुम्हाला नखाएवढा काळा, चकचकीत तुकडा दिसेल. मी दिसणार नाही. त्या तुकड्यावर लोखंड आणि निकेलच्या मिश्रणाच्या हजारो चकत्या आहेत. त्यांतली मी एक, आता जुनी झालेली. तुमच्या एका केसाच्या जाडीवर आम्ही चारशे बहिणी शेजारी शेजारी बसू.

माझा जन्म एका पोलादी पात्रात झाला. त्यातली हवासुद्धा काढून घेतली होती. धातूची वाफ दवासारखी हळूहळू उतरली, थरावर थर बसला आणि मी झाले. माझ्या अंगात असंख्य इवले चुंबकबाण आहेत. ते धावत नाहीत. एकाच्या पाठीला एक असे गोल करून आडवे पडलेले असतात, जणू पाण्यातला भोवरा कुणीतरी हळूच थोपवून धरला आहे. अगदी मधोमध गोल करायला जागाच उरत नाही, म्हणून तिथला बाण उभा राहतो, डोके वर नाहीतर खाली. गोल उजवा की डावा आणि मधला वर की खाली, एवढेच माझे पाठांतर. पण वीज गेली तरी मी ते विसरत नाही. यंत्रांच्या स्मृतीत जागा मिळावी म्हणून तर आम्हाला घडवले.

आम्हाला घडवणारी एक आई होती. लेकीला पाळणाघरात सोडून प्रयोगशाळेत यायची आणि घड्याळाकडे बघत काम करायची. लेक सारखी स्वतःभोवती फिरायची, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. पाळणाघराला सुट्टी असली की भिंगरी आईच्या मांडीवर आणि आई संगणकापुढे, आमचे नकाशे काढत. अशाच एका दिवशी त्या इवल्या बोटाने भलतीच कळ दाबली आणि शेवटच्या रांगेतल्या सगळ्या चकत्यांची एक कड सपाट कापली गेली. आईच्या ध्यानात आले तोवर आम्ही घडून झालो होतो. तिने वहीत लिहिले, 'शेवटची रांग वाया.' मी त्याच रांगेतली.

बाकीच्या बहिणी काय देखण्या गोल! सगळे त्यांचेच कौतुक करत. पण त्या भारी हट्टी. मोठ्या चुंबकाने सगळे बाण एका दिशेला वळवायचे आणि सोडून द्यायचे, की ते पुन्हा गोल करत. मात्र उजवा की डावा, ते त्यांच्या मर्जीवर. मधला बाण आई एका झटक्यात उलटवायची. गोलापुढे तिने हात टेकले. सांगितलेले लिहिता येत नाही, त्याला स्मृती कोण म्हणेल? विभागाच्या मोठ्या बाईंनी गोड शब्दांतच बजावले, की शुक्रवारपर्यंत सलग दहा वेळा सांगशील तोच गोल करून दाखव, नाहीतर हे काम बंद.

शुक्रवारी सकाळी घाईघाईत आईने जागेचा एक आकडा चुकीचा घातला आणि आम्हाला तपासणारी बारीक सुई नेमकी माझ्यावर येऊन थांबली. यंत्र सांभाळणारे काका हसले.

"वाया गेलेल्या रांगेत येऊन बसलीस की गं."

आई सुई हलवायला निघाली.

"राहू दे. आलीच आहेस तर विचार तिलाही. आजवर कुणी विचारलं नसेल बिचारीला."

आईने चुंबक एका बाजूने लावला, सोडला. उजवा. उलट बाजूने लावला. डावा. पुन्हा तसेच. गोल बहिणींना कुठून वळावे ते कळत नसे. मला माझी कापलेली कड वाट दाखवत होती. आई आधी मोठ्याने सांगायची आणि मी तसेच करायची. नऊ वेळा झाले. दहाव्यांदा तिने 'उजवा' म्हटले, चुंबक सोडला आणि डोळेच मिटून घेतले.

"काका, तुम्हीच बघा. मला नाही बघवत."

काका यंत्राच्या पडद्यावर वाकले. मग म्हणाले, "उजवाच आहे गं. जा, आज लेकीला लवकर आण."

त्यानंतर चकत्यांची कड मुद्दाम कापू लागले. माझ्याहून लहान, माझ्याहून चलाख चकत्या आल्या आणि मी एका खणात गेले. तक्रार नाही. मित्रांनो, एवढीच विनवणी, की एखाद्याची कड मोडलेली दिसली तर त्याला बाजूला टाकण्याआधी एकदा विचारून बघा.

आज आईने मला घरी आणले आहे. झाकणाच्या आवाजाने भिंगरी उठली. आता ती शाळेत जाते. आईने तिला जवळ घेऊन सगळे सांगितले, तिच्या बोटाची गोष्टसुद्धा. काकांनी पाहिलेला तो उजवा गोल अजून तसाच आहे, हेही सांगितले. भिंगरीने डबीला नाक लावले.

"आता हिला कुणी विचारतं?"

"नाही गं."

"मग ही कुणासाठी लक्षात ठेवते?"

आईचा अंगठा झाकणावर होता. तिने ते लावले नाही.