चव रजिस्टर

"गुर्जी, हे तिसरी चव हाये," शाळेची स्वयंपाकीण चमेलीबाई डाव हवेतच धरून म्हणाली.

"मोजून काऊन राहिली व?" टेंभरे गुरुजींनी ताट मागे घेतलं नाही. "गंजातला वरचा भात येगळा, मंधातला येगळा, बुडाचा येगळा. पोराईच्या पोटाचा सवाल हाये."

पोरांना वाढण्याआधी मास्तरानं शाळेतलं जेवण चाखायचं आणि रजिस्टरात सही करायची, असा नियम. अकरा वर्षं गुरुजी सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या सह्या ठोकून मोकळे होत, भाताकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांची कर्तव्यबुद्धी जागी झाली ती बावीस दिवसांपूर्वी. तिरोड्याच्या डॉक्टरनं 'शुगर तीनशे बारा' म्हणत भात बंद केला, त्या दिवशी.

घरी तांदळाचा डबा कुलपात गेला. जवारीची भाकर, मेथी, काकडी. "तुमी खात नाई तं मी कशी खाऊ?" म्हणून त्यांच्या बायकोनं, योगेश्वरीबाईंनीही भात सोडला. धानाच्या मुलखातली बाई. त्यांच्या माहेरी पाहुण्याला भाकर वाढली तर पाहुणा परत येत नसे.

साखर मात्र उतरेना. गुरुजींनी सगळा ठपका साखर मोजायच्या मशीनवर ठेवला. मशीन खोटं ठरवायला शेजारच्या भैयाजींचं बोट टोचलं. पंच्याण्णव निघाली. तेव्हापासून भैयाजी स्कॉलरशिप मिळाल्यासारखे गावभर हिंडत होते.

उद्या डॉक्टरकडे जायचं होतं. खाणं सुधारूनही साखर उतरली नाही, तर रोज इन्सुलिनची सुई.

तिसरं ताट अर्ध्यावर आलं आणि फाटक वाजलं. योगेश्वरीबाई येत होत्या. हातात मशीनची निळी थैली.

लपायला किंवा लपवायला जागा नव्हती. गुरुजींनी ताट धान्याच्या वजनकाट्यावर ठेवलं आणि वजनच करत असल्यासारखे वाकून बघू लागले. काट्यानं सहाशे ग्रॅम दाखवलं. गुरुजींनी मान हलवली.

"जेवाच्या आंधीची शुगर लिहून नेवा लागते उद्या," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "घरी तुमी हातात येत नाई. बोट द्या."

"इथं? पोराईसमोर?"

"पोराईले लस टोचतेत तवा तुमीच तं हात धरता."

व्हरांड्यात ताटं मांडून बसलेली चाळीस पोरं माना उंचावून बघू लागली. बोट टोचलं गेलं. मशीन पाचापासून उलटं मोजू लागलं, तशी पोरांनी एका सुरात साथ दिली. "पाच! चार! तीन! दोन! एक!" एवढी उलटी गिनती गुरुजींनी त्यांच्याकडून पक्की करून घेतली होती.

दोनशे अठ्ठ्याऐंशी.

योगेश्वरीबाई पायरीवर बसल्या. "बाप्पा! सकाळी आर्धीच भाकर खाल्ली जी यायनं." मग त्यांनी वर पाहिलं. "चमेलीबाई, हे इथं काई खातेत का?"

चमेलीबाईनं डावाकडे पाहिलं. दरवर्षी जूनमध्ये तिला कामावर ठेवायचं की नाही, तो कागद गुरुजींच्या सहीनंच पुढं जाई. गुरुजींच्या मिशीत एक शीत अडकलं होतं, तेही तिला दिसत होतं.

"रजिस्टरात लिवलं हाये सारं, मास्तरीनबाई," ती म्हणाली आणि रजिस्टर पुढं केलं. "मले तं वाचता येत नाई."

'किती चाखली' हा रकाना गुरुजींनीच पट्टी धरून आखलेला होता. योगेश्वरीबाई बोट ठेवत वाचू लागल्या. एक चमचा. एक चमचा. एक चमचा. बावीस दिवस मागे जाऊन त्यांनी रजिस्टर मिटलं.

"एका चमच्यानं का होते? मंग भाकरच जास्त होऊन राहिली." बोलता बोलता त्यांनी बांगड्या वर सारल्या. महिन्याभरापूर्वी मनगटात रुतणाऱ्या बांगड्या सरळ कोपरापाशी जाऊन थांबल्या. "उद्यापासून पाव भाकर. तुमची बी, माई बी."

गुरुजींनी खिशातला लाल पेन काढला. रजिस्टर मांडीवर घेतलं. आजचा 'एक चमचा' खोडून वर लिहिलं, 'तीन ताटं'. कालचा खोडला, 'दोन ताटं'. परवाचा खोडला. खाडाखोडीखाली सही लागते, म्हणून प्रत्येकीखाली सही केली. पोरांनी एवढं लाल आजवर फक्त आपल्याच वह्यांत पाहिलं होतं.

पान भरलं, तसं त्यांनी रजिस्टर बायकोपुढं धरलं.

योगेश्वरीबाईंनी सगळं वाचलं. काट्यावरच्या ताटाकडे एकदा पाहिलं. मग ढिगातलं रिकामं ताट उचललं आणि पोरांच्या ओळीत शेवटी जाऊन बसल्या.

"वाढ व, चमेलीबाई."

"किती जी?"

"आंग भरून जाये पावेतो वाढ."

चमेलीबाईनं आधी त्यांना वाढलं, मग पोरांना. योगेश्वरीबाई खाली मान घालून जेवत राहिल्या. दुसऱ्यांदा भात मागितला. बुडाचाही मागितला. गुरुजी पाण्याचा गडवा घेऊन बाजूला उभे होते. तो बायकोनं मागितला नव्हता.

बऱ्याच वेळानं योगेश्वरीबाईंनी डाव्या हातानं निळी थैली ओढली, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर काढली आणि वर न बघता बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

गुरुजी तिथं मांडी घालून बसले. भाकर सकाळची होती. चावायला वेळ लागत होता.