खुराड्यातली सायकल

भंगारवाल्याने सायकलचं हँडल धरलं होतं आणि घरातल्या धाकट्या सुनेने कॅरिअर. दोघंही आपापल्या बाजूला ओढत होते आणि खुराड्यातल्या कोंबड्यांनी नुसता गोंधळ मांडला होता.

"अगं सोड! तीस वर्षं कोंबड्या बसल्यात तिच्यावर," थोरले भावजी ओसरीवरून ओरडले. "लोखंडाच्या भावात दिलीय मी."

"मग त्याच भावात मी घेते!"

धाकटीने अंड्यांच्या पैशांचा डबा भंगारवाल्याच्या हातावर उपडा केला. तो निघून गेला. डबा रिकामा झाला आणि सळीच्या ब्रेकची, गंजाने लाल झालेली सायकल अंगणात आडवी पडली. तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी बादली खाली ठेवली. दिवसात चार शब्द बोलल्या तरी पुष्कळ, अशी ही बाई.

"चाक मी धरते," त्या म्हणाल्या.

खुरपणीहून आलं की दोघी गोठ्यामागे बसायच्या. अर्धी बाटली रॉकेल, राख आणि पोत्याचा तुकडा, एवढंच सामान. पायडलची पिन काही केल्या हलेना. थोरलीने गुरांची मेख ठोकायचा हातोडा आणला. तिसऱ्या घावाला पिन टुणकन उडाली आणि थोरली खदखदा हसली. सहा वर्षांत धाकटीने तिचे दात पाहिले नव्हते!

गंजाखालून काळा रंग निघाला, रंगावर बारीक पिवळी रेघ.

"अगं बाई, हिला तर सोनेरी काठ!"

मग चाकातले छर्रे पुसून ताटलीत मोजले. नऊच भरले. हवे होते दहा. शेजारी तांबडी कोंबडी मान ताणून उभी.

"गिळला मेलीने!"

गावातल्या सायकल मिस्त्रीने हे ऐकलं आणि हसून हसून त्याचे डोळे भरले. "एक कमी असला तरी फिरतं चाक. ग्रीस भरपूर घाला," म्हणाला. डझनभर अंडी घेऊन त्याने दोन जुने टायर आणि ठिगळांच्या ट्यूब दिल्या.

दहाव्या दिवशी सायकल उताराच्या तोंडाशी उभी राहिली. खाली नुकतं पाणी दिलेलं कांद्याचं रान, काळंभोर, लोण्यासारखं मऊ.

"बसा जाऊबाई."

"मी? मला कुठं येते चालवायला?"

"मला वाटलं तुम्हाला येते!"

"आणि मला वाटलं तुला!"

"आणा इकडे," भावजी पुढे आले. "बाजाराला कामाला येईल मला."

थोरलीने टांग टाकली. "बस मागं," ती धाकटीला म्हणाली, आणि जमिनीला पाय मारला.

पुढचं कुणाला नीट सांगता येत नाही. वारा कानात घुसला, मडगार्ड खडखडलं, दोघींची एकच किंकाळी शिवारभर गेली. ब्रेक लागला, पण बांध ओलांडल्यावर. दोघी चिखलात उताण्या पडल्या.

भावजी धापा टाकत आले. "मोडली का?"

थोरलीने तोंडावरचा चिखल पुसला, चाक फिरवून पाहिलं. सरळ होतं. तिने हँडल नवऱ्याच्या हातात दिलं. धाकटीचा जीव चरकला.

"अहो, वर ढकलत न्या तेवढी," थोरली म्हणाली. "आम्हाला परत खाली यायचंय."