साहेबरावांचा जर्मन

नव्या जालन्यात साहेबराव मास्तरांच्या घरी मुलगी बघायला येणाऱ्यांना आधी रेकॉर्ड ऐकावी लागे. मुलगी त्यानंतर, आणि चहा तर त्याच्याही नंतर.

बेबीनंदाची दोन स्थळं याच पायी हातची गेली होती. पहिल्या मुलानं मध्येच विचारलं, "गानं कवा चालू होनार?" दुसऱ्याला झोप लागली, आणि तीही घोरण्यासकट. साहेबरावांनी दोघांनाही नकार कळवला. मुलीच्या बापानं नकार कळवायचा म्हणजे सत्तर-बहात्तर सालात जरा अतीच होतं. कौसल्याबाईंनी कपाळाला हात लावला.

"लोकं पोरीला गायला लावतेत, तुमी जावयाला ऐकायला लावून राह्यले. पोरीचं काय लोनचं घालून ठेवायचं हाय का?"

साहेबराव शाळेत भूगोल शिकवत आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळत. काही वर्षांपूर्वी एक गोऱ्या डॉक्टरीणबाई विलायतेला परत निघाल्या आणि त्यांचं सामान विकायला निघालं. साहेबराव गेले होते कपाट घ्यायला. आले ते चावीचा ग्रामोफोन आणि काळ्या तबकड्यांचा गठ्ठा घेऊन. घरातले कपडे अजून खुंटीवरच होते. पुढे दर उन्हाळ्यात औरंगाबादच्या जुन्या बाजारात जाऊन ते संग्रहात भर घालू लागले. तिथला दुकानदार कव्वालीच्या रेकॉर्डी जपून ठेवी आणि विलायती वाद्यांच्या यांच्या पुढ्यात टाकी. "ये रोनेवाले बाजे हैं मास्तर, तुमीच ले जाव," म्हणे.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. साहेबरावांच्या वडिलांनी गावातलं भजन जन्मभर देवळाबाहेर उभं राहून ऐकलं होतं. त्यांच्या मुलानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून सातासमुद्रापलीकडचा वाद्यवृंद ऐकावा आणि तो समजावा, याचं साहेबरावांना फार अप्रूप होतं. समजलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

ग्रंथपाल असल्यामुळे घरात आलेल्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पिठाच्या डब्यालासुद्धा नंबर होता. तबकड्या आल्या त्याच दिवशी प्रत्येकीच्या मधल्या गोल कागदावर, दोन्ही बाजूंनी, 'साहेबराव यांचा संग्रह' अशी चिठ्ठी बसली. चिठ्ठीखाली झाकलं गेलेलं नाव जर्मन होतं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. म्हणून त्या रचनाकाराला ते 'आपला जर्मन' म्हणू लागले.

डॉक्टरीणबाईंच्या गठ्ठ्यातली त्याची एक लांबलचक रचना साहेबरावांची सगळ्यांत लाडकी. पहिली तबकडी हळूच सुरू होई. ती उलटवली की ढोल-तुताऱ्या, सगळा लवाजमा येई आणि दणक्यात शेवट होई. मग दुसरी तबकडी लावावी, तर काही घडलंच नाही अशा थाटात बुवा पुन्हा सुरू.

"हा मानूस पाहुन्याला निरोप देतो," साहेबराव समजावून सांगत, "आन् मंग दारात धरून परत गप्पा काढतो. का? तर एकटा आहे. बायको वारलेली."

सगळ्यांत शेवटी संगीत मंद होत जाई आणि वाक्य अर्धवट टाकावं तसं मध्येच थांबे. तिथे साहेबराव दर वेळी चष्मा पुसत. "इथं त्याला तिची आठवन आली," म्हणत. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी या विधुरावर भाषणसुद्धा ठोकलं होतं. ऐकून हेडमास्तर हळहळले होते.

तिसरं स्थळ आलं ते बदनापूरच्या सर्जेरावांच्या मुलाचं, सुगतचं. मुलगा मुंबईला सरकारी नोकरीत. बेबीनंदा त्याच्याशी एका लग्नात दोन शब्द बोलली होती आणि घरी येऊन आईला म्हणाली होती, "करीन तर याच्याशीच." तेव्हा कौसल्याबाईंनी नवऱ्याला बजावलं, "या खेपेला ते डबडं बंद ठिवा."

"कसोटी म्हंजे कसोटी," साहेबराव म्हणाले.

रविवारी बापलेक आले. जयभीम झाला, पाणी झालं, आणि साहेबरावांनी ग्रामोफोनला चावी दिली. सर्जेराव वंदनेला बसावं तसे हात जोडून बसले. सुगत मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन कान देऊन ऐकू लागला. असा श्रोता साहेबरावांना आजवर मिळाला नव्हता. ते मनोमन लग्नाची तारीख काढू लागले. तबकडी उलटली आणि सुगत दचकला. पुढे तो अधिकाधिक चुळबुळ करू लागला. शेवट आला. साहेबरावांनी चष्मा पुसला.

"बोला. कसं वाटलं?"

आतल्या दाराशी बेबीनंदा श्वास रोखून उभी होती.

"सर, रचना फार मोठी आहे," सुगत म्हणाला. "पण तुमचा क्रम चुकतोय."

"काय चुकून राह्यलं?"

"मुंबईला रेडिओच्या रेकॉर्ड-खोलीत मी हेच काम करतो. या तबकड्या आपोआप बदलणाऱ्या मशीनसाठी केलेल्या आहेत. आधी सगळ्यांच्या वरच्या बाजू वाजतात, मग गठ्ठा पालथा करून मागच्या. तुम्ही एकेक उलटवून ऐकताय. त्यामुळे सुरुवातीच्या पाठीवर शेवट येतो."

त्यानं परवानगी मागून पहिल्या तबकडीच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा कोपरा पाण्यानं ओला करून उचलला. खाली भागाचा आकडा होता, आणि तो शेवटचा होता.

"पोरगं लहान हाय, मास्तर," सर्जेराव घाबरून म्हणाले. "सोडून द्या."

"लावा," साहेबराव म्हणाले. "बराबर लावा."

सुगतनं क्रमानं लावलं. सुरुवात सुरुवातीला झाली, शेवट शेवटी झाला. कुणी दारात रेंगाळलं नाही, कुणाचं वाक्य अर्धवट राहिलं नाही. सगळं इतकं सरळ आणि इतकं सुंदर होतं की साहेबरावांना समजावून सांगायला काही उरलंच नाही. त्यांना फार एकटं वाटलं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं ते हळहळत होते, तो मुळात कधी नव्हताच. आणि आपण खुर्चीवर बसूनही सगळं दाराबाहेरूनच ऐकलं की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"ठीक," ते म्हणाले. "विचार करून कळवतो."

या वाक्याचा अर्थ अख्ख्या जालन्याला माहीत होता. सर्जेराव टोपी शोधू लागले. तेवढ्यात बेबीनंदा बाहेर आली.

"बाबा, मला ठाऊक होतं."

"काय?"

"क्रम. चिठ्ठ्यांना खळ मीच लावली होती ना. आकडे तेव्हाच वाचले."

"मंग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी शाळेत गेल्यावर एकदा बराबर लावून बघितलं मी. चांगलं होतं. पन त्यात तुमचा मानूस नव्हता."

"म्या बी ऐकलं," आतून कौसल्याबाई म्हणाल्या. "लई गुळगुळीत वाटलं. त्या बिचाऱ्याला टाकून कसं द्यावं? म्हून बंद केलं."

साहेबराव खाली बसले. आपण या दोघींना संगीत ऐकायला लावतो असं ते समजत होते. या दोघी तर त्यांनाच ऐकत आल्या होत्या. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले, आणि या वेळी चष्मा पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"सर्जेराव, टोपी ठेवा," ते म्हणाले. "आमच्या घरात खरं बोलनारं कुनीच न्हाई. तुमच्या पोराची आमाला लई गरज आहे."

मग ते सुगतकडे वळले.

"पन एक ध्यानात ठेवा. आमची बेबीनंदा तुमची चूक तोंडावर सांगंल, तर सुधारून घ्या. आन् चूक ठाऊक असून समोर बसून ऐकत राह्यली, तर बिलकुल थांबू नका. तसंच सांगत राहा."