यल्लव्वाचा हेल

महांतेशच्या मुलीचं बारसं झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. शाल्मलीचा नवा अल्बम त्याच महिन्यात आला होता. जयनगरच्या सभागृहात तिनं तो गिटारवर गायला तेव्हा माणसं डोळे पुसत बाहेर पडली. त्यातलं शेवटचं गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं. एका मुलीनं विचारलं, "हे शब्द कुठून सुचले?" शाल्मली म्हणाली, "आतून आले."

शब्द आतून आले नव्हते. ते तिच्या यल्लव्वाआत्तीचे, वडिलांच्या बहिणीचे होते.

दोन वर्षांपूर्वी आत्तीचा नवरा आप्पाजी गेला, तेव्हा आत्तीनं प्रेताशेजारी बसून हेल काढला होता. निपाणीकडच्या बायका अशाच रडतात. गेलेल्याशी बोलत बोलत, सुरात. आयुष्यभर गिळलेलं त्या वेळी बाहेर येतं, आणि ऐकणारे ते तिथंच सोडून उठतात. मयताच्या रडण्यातलं बोलणं कुणी मागं धरायचं नाही, अशी रीत. शाल्मलीनं मात्र दाराआड उभं राहून ते फोनवर धरलं होतं.

बारसं बोम्मसंद्र्यात महांतेशच्या घरी होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, कोपऱ्यात मोठा स्पीकर. महांतेश आत्तीचा मुलगा; मामेबहिणीच्या कौतुकानं फुगला होता, गाणं स्वतः अजून ऐकलं नव्हतं.

"स्वल्प गप्प बसा गं सगळ्या! आमच्या शालूचं गाणं ऐका!"

"नाचायचं आहे का?" शेजारची भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मग कंबर आवळते."

बायका खिदळल्या. गाणं सुरू झालं आणि हसू विझलं.

"माझ्या चुलीची भाकर तुला कडू रे, कुणाच्या ताटात जेवलास राजा..."

आवाज शाल्मलीचा होता, गिटार गोड होती. पण हेल कशाचा, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. एका म्हातारीनं पाळण्यातल्या पोरीचे कान झाकले. महांतेश आईकडे बघत राहिला. बाप कुणाच्या ताटात जेवत होता, हे त्यानं मयताच्या दिवशी ऐकून सोडून दिलं होतं. आता ते त्याच्याच स्पीकरमधून परत आलं होतं.

यल्लव्वा उठली. तिला स्पीकर बंद करता येत नव्हता. तिनं बाळाची गोधडी उचलून त्याच्यावर टाकली आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. तोंड भिंतीकडे. कुणीतरी वायर ओढेपर्यंत ती तशीच उभी होती.

"आत्ती, मला वाटलं..." शाल्मली पुढं झाली.

"जेवून जा," आत्ती म्हणाली. तिच्याकडे न बघता.

घरी परतताना विठोजी, शाल्मलीचे वडील, गाडीत तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "ते गाणं काढून टाक. आणि अक्काच्या पाया पड."

"बाबा, सगळा अल्बम त्या गाण्यावर उभा आहे."

"तुझा अल्बम उभा आहे आणि माझी बहीण भिंतीकडे तोंड करून उभी आहे."

शाल्मली म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाते. मग पुण्याचा कार्यक्रम आला, मग मुंबईचा. प्रत्येक ठिकाणी लोक तेच गाणं मागत. ती डोळे मिटून गात असे, कारण डोळे उघडले की समोर गोधडी दिसे. तरी गात असे.

विठोजी झोपेतच गेले. जयनगरच्या घरात त्यांना खाली घेतलं. त्यांच्या घरात बहिणीनं हेल काढल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. यल्लव्वा आली, भावाच्या उशाशी बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. सगळे थांबले. तोंडातून शब्द नाही.

"यल्लव्वक्का, स्वल्प रडा हो," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "छाती फुटेल."

यल्लव्वानं मान वळवून जमलेल्यांचे हात पाहिले, एकेकाचे. शाल्मलीला कळलं ती काय शोधते आहे. तिनं आपला फोन काढून बाहेर अंगणात ठेवला, दुसऱ्यांचेही नेऊन ठेवले आणि आत्तीसमोर वाकली.

"चुकले गं आत्ती. गाणं आज काढते. बाबांसाठी रड."

"मी का मुद्दाम अडून बसलेय, पोरी?" आत्ती हळूच म्हणाली. "तोंड उघडते, तर आधी तुझी ती तार वाजते कानात. माझं रडणं मलाच गाणं वाटतंय. भावासमोर गाणं म्हणू?"

मग शाल्मलीनंच तोंड उघडलं. बाबा, असं म्हणाली आणि पुढचा स्वर आपोआप सुरात लागला. स्वच्छ, घोटलेला, सभागृहातला. खोलीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. तिनं ओठ दाबून धरले.

"उचला," आत्ती म्हणाली.

कुणी न रडता त्यांना बाहेर नेलं. संध्याकाळी शाल्मलीनं गाणं काढलं. लोकांच्या फोनमध्ये होतं ते राहिलंच.

विठोजी वारले ते शुक्रवारी पहाटे, नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी.