अजून एक वर्ष

"बाबा, साठीपर्यंत ओढा. मग बघा कसं निवांत वाटतं ते," जावई म्हणाला आणि त्याने कॅल्क्युलेटर मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी आकडा बघितला आणि कॅल्क्युलेटर परत त्याच्याकडे सरकवला. जावई बँकेत होता. मनाने चांगला होता, पण साधी गोष्ट फोड करून सांगायची त्याला खोड होती. आता पंचावन्नाव्या वर्षी कारखाना सोडला तर निवृत्तिवेतन निम्मं, साठीला सोडला तर पूर्ण. एवढं सांगायला त्याने रविवारची अख्खी दुपार खर्ची घातली होती.

"निम्म्यात भागणार नाही का?"

"भागेल हो, पण ओढाताण होईल. आईंची डोळ्यांची इंजेक्शनं काय फुकट मिळतात? आणि दरवर्षी महागाई आहेच."

"अरे, पण आईला कुणी विचारलंय का?" लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मला काय विचारायचंय?" बायको चहाचे कप घेऊन आली. टेबलाच्या कडेला आधी करंगळी लावली आणि मग ट्रे ठेवला. "एक सांगून ठेवते, माझ्या डोळ्यांचं निमित्त करून नोकरी सोडायची नाही हं. जन्मभर ऐकवाल मला."

सगळे हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "बरं, मग अजून एक वर्ष बघू." जावयाने समाधानाने चहा घेतला.

हे 'अजून एक वर्ष' काही पहिलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी मास्तरांनी प्रथम विषय काढला होता, तेव्हा लेकीचं लग्न तोंडावर होतं. मग छत गळायला लागलं. मग काय झालं होतं ते आता मास्तरांनाही नीट आठवत नसे, पण काहीतरी झालं होतं खरं. दोघांनी अजून समुद्र बघितला नव्हता. "तुम्ही मोकळे झालात की जाऊ," असं बायको म्हणायची. हल्ली म्हणत नसे.

मास्तर शाळेतले नव्हेत. शर्टांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. कापडाचे शंभर शंभर थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने सगळे एकदम कापायचे. शिवणाऱ्याची चूक उसवता येते. कापणाऱ्याची चूक म्हणजे एका झटक्यात शंभर शर्टांचा बोऱ्या. मास्तरांच्या हातून तशी चूक अगदी पहिल्याच वर्षी झाली होती. थर पसरताना कापड एकदा सुलट, एकदा उलट, असं तोंडाला तोंड लावून पसरायचं असतं, म्हणजे डाव्या-उजव्या बाह्यांची जोडी आपोआप निघते. या पठ्ठ्याने सगळे थर सुलटच पसरले. शिलाईच्या रांगेतून एक मुलगी बाह्यांचा गठ्ठा काखोटीला मारून तरातरा आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काय हो मास्तर, आपली सगळी गिऱ्हाइकं दोन्हीकडून डावीच आहेत का?"

कारखाना आठवडाभर हसत होता. वर्षाच्या आत मास्तरांनी त्या मुलीशी लग्न केलं. लेक झाल्यावर तिने नोकरी सोडली, पण शिलाई सोडली नाही. दरवर्षी मास्तर ताग्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यातून स्वतःच्या मापाचा एक शर्ट कापून आणायचे आणि ती शिवायची. टाका असा बारीक की मास्तर कारखान्यात मुद्दाम मिरवायचे.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. समोर बघितलं की मधोमध धुकं. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही." किती दिवस हाती आहेत, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी खांदे उडवले. घरी मात्र तिचं सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. डबा वेळेवर, घर लख्ख. मास्तरांनी "कसं दिसतंय गं?" विचारलं की ती म्हणायची, "तुमचं नाक दिसतंय, तेवढं पुरे." मास्तरांना तेवढंच ऐकायचं असायचं. ऐकलं की निर्धास्त कामावर जायचे.

त्या रविवारी लेक-जावई गेल्यावर तिने कपाटातून यंदाचा शर्ट काढला. "घालून बघा. कालच झाला."

मास्तरांनी घातला. तिने पुढे होऊन कॉलर सारखी केली, खांद्यांवरून हात फिरवला. "बसला की नाही मापात?"

मापात चोख बसला होता. मास्तर आरशाकडे वळले आणि त्यांचे हात बटणावरच थांबले. कापड असं होतं की हाताला दोन्ही बाजू अगदी सारख्या लागत, फरक फक्त रंगाचा. सुलट बाजू गडद निळी, उलट बाजू विटल्यासारखी. अंग गडद होतं आणि दोन्ही बाह्या विटक्या. डावी बाही उजवीकडे लागली होती, उजवी डावीकडे, आणि दोन्ही उलट. बाही उलटी केली की डावीची उजवी होते, म्हणून तर मापात कुठे गुंजभरही फरक पडला नव्हता.

"काय झालं? गप्प का?"

"काही नाही. फर्स्ट क्लास झालाय."

"मग! अजून हात गेलेला नाही माझा," ती खूष होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तोच शर्ट घालून निघाले. दुसरा घालता आला असता, पण ती दारात उभी होती.

कारखान्यात चाळीस माणसं, आणि सगळ्यांचा जन्म सुलट-उलट बघण्यात गेलेला. कॉलर केसभर वाकडी असली तरी तिथे दिवसभर चेष्टा चालायची. बडा साहेब पाहणीला आला, तेव्हा त्याच्या खिशाची रेघ जुळत नाही म्हणून बायका पदराआड फिदीफिदी हसल्या होत्या. मास्तर तोंडावर उसनं हसू आणून आत शिरले. कुणीतरी टिंगल करणार, मग आपणही काहीतरी टोला हाणायचा, असं त्यांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

कुणी हूं की चूं केलं नाही. माना वर झाल्या, बाह्यांवर नजरा गेल्या आणि माना खाली झाल्या. मशिनं चालू राहिली. इस्त्रीवाली मावशी, जिची जीभ अख्ख्या कारखान्यात तिखट, ती दुपारी चहा घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली.

"वहिनींनी शिवला?"

"हो."

"छान शिवलाय हो," ती म्हणाली आणि कप ठेवून लगबगीने निघून गेली.

मास्तरांनी कप बाजूला सरकवला. ही बाई खोटं बोलली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असावी. जे या सगळ्यांना एका नजरेत कळलं, ते आपण वर्षभर घरात राहून कळून घेतलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं! पैशाचं काय घेऊन बसलात, पैसा ही सबब होती. इथे ते मास्तर होते. त्यांनी सुरी उचलल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. घरी साखरेचा डबा कुठला हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. बिनकामाच्या घरात सकाळी उठून करायचं काय, या एका धास्तीने त्यांनी तीन वर्षं घालवली होती, आणि ती वर्षं त्यांची एकट्याची नव्हती.

हातातला थर त्यांनी नीट पुरा केला. सुरी पुसून ठेवली आणि मालकांच्या खोलीत गेले.

"अहो मास्तर, वेड लागलंय का?" मालक खुर्चीतून उठलेच. "एवढी वर्षं काढलीत, अजून पाच काढा. पूर्ण पदरात पडेल. एक वर्ष थांबा, मी वाढवून देतो काहीतरी."

'एक वर्ष' हे शब्द ऐकले आणि मास्तरांना हसू आलं. "नको मालक. महिनाअखेरीला मोकळं करा," ते म्हणाले. "नवा माणूस मी शिकवून जातो."

घरी आले तेव्हा ती दिवा न लावताच बसली होती. मास्तरांनी दिवा लावला, चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

तिने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "माझ्यासाठी सोडली ना?"

"तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी."

"शर्टाला काय म्हणाले सगळे?"

"मावशीने नावाजला."

"तिने?" तिचा चेहरा फुलला. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "अहो, पण खरं सांगा. पुरतील का पैसे?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मास्तरांचं एकच ठरलेलं उत्तर होतं. अजून एक वर्ष, मग पुरतील. आज ते तिच्या शेजारी बसले.

"नाही. कमी पडतील."

"बरेच?"

"बरेच."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. जावयासारखी फोड तिने केली नाही.

"मग आधी लांबचं बघून घेऊ," ती म्हणाली. "समुद्र, डोंगर, असलं सगळं. जवळचं काय, नंतर हात लावूनही कळेल."