लडकूच्या खिशातली सायकल

सकाळचे सात वाजून गेले होते आणि कामतघरचा नामांकित सायकलस्वार हिरामण आपल्याच गोदामात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नखं कापत होता. अंगात पिवळी जर्सी, गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी, हेल्मेट मांडीवर. महागडी सायकल भिंतीला टेकून उभी. गेले तीन महिने ती रोज पहाटे घरून निघायची, दहा मिनिटांत अंजूरफाट्याजवळच्या या गोदामापर्यंत यायची आणि इथेच मुक्काम ठोकायची.

बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं, आणि हिरामणने कुरकुरत सायकल घेतली. मग ती अशी अंगात भिनली की बायको दिपाली तिला सवतच म्हणायची. रविवारी वज्रेश्वरी, एरवी कशेळीचा पूल. पुढे लेकीने, उन्नतीने, फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं. एकही दिवस न चुकता किती दिवस झाले ते अ‍ॅप मोजायचं, आणि बाबा कुठे आहेत ते उन्नतीला घरबसल्या ठिपक्यासारखं दिसायचं. तीनशे झाले तेव्हा शेजाऱ्यांनी कौतुक केलं. पाचशे झाले तेव्हा गावातल्या मंडळाने जाहीर केलं की हजाराव्या दिवशी सत्कार करणार. तिथेच माशी शिंकली. आठशेच्या पुढे कधीतरी हिरामण कशेळीच्या पुलावर थांबला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण वाटेत अकरा वेळा फोन बघितला, खाडीकडे एकदाही नाही. सायकल आता ड्युटी झाली होती. पेडलवर पाय ठेवला की पोटात नुसता कंटाळा दाटायचा.

सोडून द्यायचं तर गावभर शोभा. मग त्याने जे केलं ते सांगायलाही लाज वाटावी असं आहे. शाळेत त्याच्याच बाकावर बसणारा लडकू रोज पहाटे काळ्या जाडजूड सायकलवर पावाचं पोतं बांधून कशेळीपर्यंतच्या टपऱ्यांना पाव टाकायचा. हिरामणने आपला फोन त्याच्या खिशात घातला. लडकूने दोन दिवस हसून घेतलं, मग काही विचारलं नाही. परत आला की फोन द्यायचा. हिरामण नळाखाली डोकं भिजवून घरी जायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. या गृहस्थाने घामाचंसुद्धा आणलं होतं.

तर त्या दिवशी नखं कापून झाली, आणि वॉचमनचा फोन वाजला.

"सेठ, उन्नती दीदी का है।"

हिरामणने हातानेच खूण केली, उचलू नको. फोन वाजून वाजून थांबला. मग त्याने घड्याळ बघितलं. आठला वीस कमी. लडकू साडेसातला येतो, फार तर पाच मिनिटं इकडेतिकडे. आज आला नव्हता. उन्नती वॉचमनला कधीच फोन करत नाही. तिने आधी बापाला केला असणार. तो उचलला नाही म्हणून इथे केला. म्हणजे ठिपका कुठेतरी थांबला होता.

फोन पुन्हा वाजला. वॉचमन त्याच्याकडे बघत होता. हिरामणला दोन गोष्टी एकदम दिसत होत्या: हायवेवर स्कूटी दामटत निघालेली पोर, आणि ट्रेलरच्या चाकांपाशी पडलेला लडकू. तरीही त्याचा हात पुढे जाईना. आयुष्यात इतकी स्वतःची किळस त्याला कधी आली नव्हती.

शेवटी त्याने फोन हिसकावलाच. "उन्नती, मी गोदामात हाय. मला काय झालेलं न्हाय."

पलीकडे हॉर्न वाजत होते, म्हणजे ती निघाली होती. "बाबा, पाऊण तास तुम्ही कशेळीच्या अलीकडे रस्त्यात थांबलेले दिसताय. आई रडतेय घरी. मग फोन कुणाकडे आहे?"

"लडकूकडं."

"का?"

"मी तितं जातो," एवढंच तो म्हणाला.

जीपची किल्ली घेऊन तो फाटकाबाहेर आला आणि जागीच थांबला. कंटेनरमागे कंटेनर, सगळे इंजिन बंद करून उभे. पुढे काहीतरी झालं होतं. तो मागे फिरला, भिंतीची सायकल उचलली आणि निघाला.

कंटेनर आणि गटार यांच्यात जेमतेम हातभर वाट होती. एकदा आरसा कोपराला घासून गेला, एकदा एका ड्रायव्हरने दार उघडलं आणि हिरामण कसाबसा वाचला. तीन महिन्यांत मांड्यांचं लोणी झालं होतं. वाटेतलं काल्हेर येईपर्यंत श्वास फुलून तोंडात रक्ताची चव आली. "लडकू, जगून रहा रं," तो मोठ्याने म्हणत होता आणि लोक वळून बघत होते.

कशेळीच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा उभा होता. हिरामणने आधी त्याच्या चाकांखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. लडकू पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. गुडघ्याला गमछा बांधलेला, तो लाल झालेला. शेजारी काळी सायकल, हँडल जरा वाकलेलं, पावाचं पोतं शाबूत. हिरामणचा फोन त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"आलास?" लडकू म्हणाला. "ट्रेलर वलला, मी गटारात. माजा फोन बुडाला, तुजा वाचला."

"आरं, मग दवाखान्यात का न्हाय गेलास? तास होऊन गेला!"

"लोक रिक्षात घालत व्हते. पन तुजा फोन दवाखान्यात दिसला असता ना. वहिनी घाबरली असती. तुज्या पोरीचा फोन येत व्हता, उचलला असता तर तुजं बिंग फुटलं असतं. म्हनलं, बसतो. तू येशील."

हिरामण त्याच्यासमोर मटकन खाली बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

उन्नती स्कूटीवरून आली तेव्हा तिने बापाची चकचकीत सायकल, लडकूचा रक्ताळलेला पाय आणि त्याच्या हातातला फोन, तिन्हीकडे एकेकदा बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने लडकूला उठवलं, मागच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्याकडे निघाली. बापाकडे तिने बघितलंही नाही.

"हिरामण, अर्ध्या टपऱ्या ऱ्हायल्यात," लडकू जाता जाता ओरडला. "पाव शिळा व्हईल!"

हिरामणने आपली सायकल शेजारच्या चहावाल्याकडे ठेवली, पुढचं चाक गुडघ्यात धरून काळ्या सायकलचं हँडल सरळ केलं आणि ती रस्त्यावर घेतली. तिला गिअर नव्हते. पोत्याच्या वजनाने ती पहिल्या वळणालाच डुलली. पहिल्या टपरीवर रंगूबाईने जर्सीकडे वरून खालून बघितलं आणि तोंड सोडलं.

"हा काय टाइम हाय? गिऱ्हाइकं वडापाव न खाता गेली! लडकू कुटं हाय?"

"लागलंय त्याला. बरा हाय."

"मंग उद्या तरी टायमावर ये."

"येतो," हिरामण म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. किती महिन्यांत त्याने उद्याच्या सायकलीला आपणहून हो म्हटलं नव्हतं. पुढच्या टपरीवर जाताना मांड्या पेटल्या होत्या, पाठ मोडत होती, आणि त्याला आणखी जोरात पेडल मारावंसं वाटत होतं. बारा वर्षांपूर्वी वाटायचं तसंच. चोरासारखा तो त्यात खूश झाला, आणि लडकूचा पाय आठवून शरमलाही.

रिकामं पोतं घेऊन तो लडकूच्या घरी पोचला तेव्हा दवाखान्यात त्याला नऊ टाके घालून घरी आणलं होतं. उन्नती दारातच बसली होती.

"आईला मी सांगितलंय सगळं," ती म्हणाली. "मंडळाला तुम्ही सांगा."

"सांगतो. आजच."

"पंधरा दिवस लडकू काकांना पाय टेकायचा नाही. पाव कोण टाकणार?"

"मी."

"कशावरून?"

या प्रश्नाचा राग यायचा त्याला हक्क राहिला नव्हता. "कशावरून न्हाय," तो म्हणाला. "पाच वाजता बेकरीतून पाव निघतात. येऊन बघ."

दुसऱ्या दिवशी तो पाचला दहा मिनिटं असताना बेकरीवर पोचला, तर उन्नतीची स्कूटी आधीच तिथे उभी होती.